एक भोक तेलाला, एक वाऱ्याला

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढच्या रविवारी मुद्दाम सासवडला आलो. स्टँडजवळची दोन गॅरेजं, एक पंक्चरवाला आणि एक चहाची टपरी, सगळीकडे विचारलं. "बजाजच्या एम-एटीवर फिरतात, पांढरी टोपी घालतात, आधी मुंबईत टॅक्सी चालवायचे." टपरीवाला म्हणाला, "साहेब, असे चार जण आत्ता बाकड्यावर बसलेत." चौघांकडे नीट बघितलं. तुम्ही नव्हता. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. तुमच्या मुलाच्या, सुनेच्या, नाहीतर नातवाच्या मोबाइलवर कधीतरी येईल आणि तो तुम्हाला वाचून दाखवेल, एवढीच आशा.

खूण सांगतो. मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेअकरा, दिवे घाट. खाली मस्तानी तलाव दिसतो त्या वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली पांढरी फियाट आमची. गाडीत माझी आई, बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि मेहुणे. जेजुरीला निघालो होतो. खंडोबा आमचं कुलदैवत, आणि आईला एकदा तरी ह्याच गाडीतून गडाच्या पायथ्याशी उतरायचं होतं. लग्नानंतर ती पहिल्यांदा जेजुरीला गेली तेव्हा शेजाऱ्यांची फियाट मागून आणली होती, हे तिने आम्हाला निदान शंभर वेळा सांगितलं असेल.

गाडीच्या कागदपत्रांवर प्रीमियर पद्मिनी असं लिहिलंय. १९७४ पासून तिला तेच नाव, चितोडच्या राणीचं. पण आमच्या घरात काय किंवा तुमच्या तोंडी काय, ती फियाटच. तुम्ही एम-एटी स्टँडवर लावलीत, जवळ आलात आणि विचारलंत, "फियाट का?" मग बॉनेटवर हात ठेवलात, गोठ्यात शिरताना म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. "मुंबईत बावीस वर्षं हीच चालवली. आधी पेट्रोलवर, मग गॅसवर." त्यावर मेहुणे म्हणाले, "त्या तर बंद झाल्या ना सगळ्या?" तुम्ही म्हणालात, "हां, तेवीस साली. ऑक्टोबर संपता संपता." ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही हे मी पेपरात वाचलं होतं. तुम्ही ते घरातल्या कुणाची तिथी सांगावी तसं सांगितलंत.

आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट. त्या वळणावर येण्याआधी चार महिने आम्ही काय सोसत होतो, ती.

गाडी मी पाच वर्षांपूर्वी हौसेने घेतली. मी मेकॅनिक नाही, ऑफिसात बसणारा माणूस. पण रविवारी हात काळे केल्याशिवाय मला चैन पडत नाही. लेकीलाही तोच नाद. नळाचा वायसर बदलणं, फ्लशच्या टाकीचा बॉल नीट करणं, मिक्सरचा कपलर बसवणं ही आमच्या घरात तिची कामं. हॉलमधला पंखा हळू फिरायला लागला तेव्हा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणून तिने स्वतः बसवला. (मेन स्विच बंद केला की नाही हे मी तीनदा बघून आलो, ते असो.) प्रत्येक कामाची ती वहीत नोंद ठेवते. तारीख, काय बिघडलं, काय केलं, किती खर्च आला. मी ठेवत नाही.

तर जानेवारीपासून गाडीने एक नवीन खोड काढली. अर्धा-पाऊण तास मस्त चालायची, मग दम लागल्यासारखी गचके खात बंद पडायची. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात सुरू. सगळे म्हणाले, तापते. आम्ही एसी पंपावर, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या पंपावर, ओलं फडकं टाकून पाहिलं. कधी फरक पडल्यासारखा वाटायचा, कधी नाही.

पहिल्या गॅरेजने पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल बदलली. दुसऱ्याने कार्बोरेटर खोलला, पंप नवा घातला, गाडी पाच आठवडे अडवून ठेवली आणि परत देताना डिक्कीतला माझा जॅक गायब. तिसऱ्याने तर हातही लावला नाही. लांबूनच म्हणाला, "भंगारात किती येतील विचारून ठेवू का?" सगळं मिळून सतरा हजार गेले. गाडी तशीच. पैशांचं मी विसरेन. एक गोष्ट विसरणार नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये लेक बॉनेटपाशी वाकून बघत होती. तिने मालकाला विचारलं, "गाडीतला कंडेन्सर पंख्यातल्यासारखाच असतो का?" प्रश्न काही वाईट नव्हता. तो माणूस तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "साहेब, पोरीला आत एसीत बसवा. इथं मुलींचं काय काम?" त्याची दोन पोरं हसली. मी काहीच बोललो नाही. गाडी त्याच्या ताब्यात होती ना. ते न बोलणं अजून घशात अडकून आहे.

त्यानंतरच्या रविवारी ती खाली पार्किंगमध्ये आली नाही. अभ्यास आहे म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही अभ्यास होता. जेजुरीच्या दिवशी ती गाडीत बसली, पण मागे, खिडकीकडे तोंड करून, कानात हेडफोन.

घाटात गाडी बंद पडली तेव्हा मेहुण्यांनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं होतं, हे तुम्ही पाहिलंत. आमच्या नात्यागोत्यात त्यांच्या शूटिंगची फार धास्ती असते.

तुम्ही इंजिनाकडे बघितलंच नाहीत. "कधीपासून?" एवढंच विचारलंत, आणि मागे जाऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवायला लागलात. कुलपाचं झाकण, किल्ली लेकीकडे. हेडफोन काढून ती उतरली. झाकण सुटताच टाकीने फुस्स करून हवा आत ओढून घेतली. मला ऐकू आलं, आईला ऐकू आलं, मोबाइललाही आलं असणार. झाकण उलटं करून तुम्ही उन्हाकडे धरलंत, अंगठ्याने आतली पत्र्याची चकती चाचपलीत आणि म्हणालात, "हे नवीन दिसतंय."

"मी आणलंय," लेक म्हणाली. "मीच बसवलं."

काका, तुमची ती पुढची तीन-चार सेकंदं मला मोजून ठेवायची आहेत.

डिसेंबरात आमच्या सोसायटीत गाड्यांमधलं पेट्रोल चोरीला जात होतं. भाऊबीजेचे पैसे साठवून माझ्या वाढदिवसाला हे झाकण ती जुन्या बाजारातून घेऊन आली होती. अडीचशे रुपये, चकचकीत, कुलपासकट. जुन्या झाकणाला हवा आत जायला बारीक वाट होती, ह्याला नव्हती. इंजिन पेट्रोल ओढत राहणार, टाकीत वारा शिरणार नाही, शेवटी पंपाला ओढणंच जमेना. चार महिने, सतरा हजार, गेलेला जॅक, भर उन्हात घाटात बसलेली म्हातारी, सगळ्याचं मूळ तिची ती भेट होती. मला ते त्या क्षणी कळलं. तुम्हाला तर माझ्याआधी कळलं होतं. मेहुण्यांना कळायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ऐकावं लागलं असतं.

तुम्ही तिच्याकडे बघितलंत. मग मोबाइलकडे. मग म्हणालात, "झाकण लई भारी आणलंय ताई. कंपनी फक्त एक भोक पाडायची विसरली."

कंपनी विसरली! तुम्ही अगदी सहज म्हणून गेलात, जणू कंपन्यांचं हे नेहमीचंच.

मग खिडकीत बसलेल्या माझ्या आईला विचारलंत, "आजी, तेलाचा डबा फोडताना भोकं किती पाडता?" आई ताबडतोब म्हणाली, "दोन. एक तेलाला, एक वाऱ्याला. नाहीतर भकाभका सांडतं की." तुम्ही लेकीला म्हणालात, "बघ, आजीला ठाऊक आहे. एवढंच काम राहिलंय. तूच कर." आणि एम-एटीच्या पिशवीतून दाभण आणि लहान हातोडी काढून तिच्या हातात दिलीत. गाडीपासून लांब, कठड्याच्या दगडावर झाकण ठेवून, कुठे आणि किती ते बोटाने दाखवलंत आणि हात मागे बांधून उभे राहिलात. पहिला घाव निसटला. तुम्ही पुढे आला नाहीत. मी पुढे होणार होतो, तर तुमच्या नुसत्या नजरेने जागीच थांबलो. तिसऱ्या घावाला दाभण आरपार.

पुढचं सगळं दोन मिनिटांचं. गाडी सुरू झाली, घाट चढली, सासवड गेलं, जेजुरी आली. आई पायथ्याशी फियाटमधून उतरली, तेव्हा ज्या थाटात उतरली तो तुम्ही बघायला हवा होता. येळकोट येळकोट जय मल्हार! पायऱ्या चढताना भंडारा तुमच्या नावाने उधळायचं ठरलं आणि तिथे लक्षात आलं, नाव कुठे माहीत आहे? "टॅक्सीवाले काका" म्हणून उधळला. देवाला पत्ता लागला असेल.

पैशांचंही सांगायला हवं. मी पाचशेची नोट पुढे केली तर तुम्ही म्हणालात, "पन्नास द्या." फुकट नको आणि पाचशेही नको. सुटे नव्हते, आईने कनवटीची पन्नासाची नोट काढून दिली. तुम्ही ती कपाळाला लावून खिशात टाकलीत. तुमचं हे पन्नास घेणंही मला फार आवडलं. आम्ही भिकारी ठरलो नाही आणि तुम्ही दानशूर.

लोक सभ्यता कशाकशात शोधतात. गोड बोलण्यात, काउंटरवर ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासात, "सर" म्हणण्यात. त्या दुसऱ्या गॅरेजात पाण्याचा ग्लास होता, सर म्हणत होते, भिंतीवर गणपतीही होता. ज्याला दुसऱ्याची चूक स्पष्ट दिसते आणि ती सांगायचा पूर्ण हक्कही असतो, असा माणूस त्या क्षणी काय करतो, मला तेवढंच बघावंसं वाटतं. मी स्वतः अशा वेळी फार वाईट वागलेलो आहे. ऑफिसात नव्या पोरांच्या चुका चारचौघांत दाखवून मी कितीदा तरी हुशारी मिरवली आहे. बिघाड कुठे आहे हे शोधण्यात मी बरा आहे. तो शोधून झाल्यावर माणसाशी काय बोलायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही शिकलो नव्हतो.

तुम्ही म्हणाल, मग आता स्वतःच सगळं उघड्यावर का लिहिलंत? झाकलेलं बरं होतं की. ऐका.

जेजुरीहून आलो त्या रात्री लेक वही घेऊन माझ्यासमोर बसली. झाकण बसवल्याची तारीख तिने लिहिलेलीच होती. गाडी पहिल्यांदा बंद पडल्याची तारीखही होती. मधे सहा दिवस. तिने दोन्हीखाली रेघ मारली आणि विचारलं, "बाबा, कंपनी विसरली नव्हती ना? ते दुसऱ्याच गाडीचं झाकण होतं."

मी हो म्हणालो. तिच्याशी खोटं बोलणं तुम्हाला शोभलं होतं, मला शोभलं नसतं.

"काकांना माहीत होतं?"

"त्यांना आधी कळलं. माझ्याही आधी."

ती बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसली. मग वहीत नोंद केली. बिघाड: टाकीत हवा जात नव्हती. कारण: झाकण (मी). उपाय: भोक (मी). खर्च: ५० रु. सतरा हजारांचा आकडा तिने मागच्या पानांवर तसाच ठेवलाय, त्या-त्या गॅरेजच्या नावासमोर. हे पत्र लिहायला तिनेच बसवलं. म्हणाली, "माझं नाव घालू नकोस, पण झाकणाचं सगळं लिही. नाहीतर त्यांनी काय केलं ते कुणाला कळणारच नाही."

आता ती रविवारी खाली येते. माझ्याआधी येते. मागच्या आठवड्यात ब्रेकचं काम काढलं होतं तेव्हा मला म्हणाली, "तू हात मागे बांधून उभा राहा." ब्रेकच्या बाबतीत मी ते मानलं नाही, पण बाकी बऱ्याच कामांत आता मानतो.

तुमची हातोडी चुकून आमच्याकडे राहिली आहे. लाकडी दांड्याची, दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पावसाळा संपला की सीताफळं घ्यायला आम्ही सासवडला येऊच, तेव्हा ती बरोबर आणू आणि त्याच टपरीवर थांबू. तुम्ही भेटलात तर देऊ. नाही भेटलात तर परत घेऊन येऊ. टपरीवर ठेवून यायला लेक तयार नाही.

आपला,
फियाटवाला

ता. क. – काल तेलाचा नवा डबा आणला. आईने मुद्दाम आधी एकच भोक पाडून नातीला भकाभका म्हणजे काय ते दाखवलं. ओट्यावर पावशेर तेल सांडलं. बायको तुम्हाला त्याचा हिशोब विचारणार आहे.