जिंजी बघायची, पण पायथ्याशी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, रागावू नका. दादरहून पुदुच्चेरीला जाणाऱ्या चालुक्य एक्स्प्रेसची तिकिटं मी रद्द केली आणि चेन्नईपर्यंत विमानाची काढली. गाडीत दोन रात्री पाय लोंबते राहिले की तुम्हाला सूज येते, आणि मिरजेला झालं ते पुन्हा नको. चेन्नईहून किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण १५० किलोमीटर, टॅक्सीने तीन-साडेतीन तास. महाबलीपुरम वाटेतच आहे, पण त्या दिवशी उतरायचं नाही. जानेवारीअखेर मुद्दाम निवडलीय, तिकडचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो.

दुसरं सांगताना जीवावर येतंय. जिंजीच्या किल्ल्यातली राजगिरी टेकडी चढायची नाही. दिवाळीच्या किल्ल्याला दरवर्षी ‘जिंजी’ नाव देणाऱ्या माणसाला हे सांगणं सोपं नाही, बाबा. पण ८०० फुटांची चढण आहे, ग्रॅनाइटच्या पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या, सावली जवळजवळ नाही. दम चढताना लागतो, गुडघा मात्र उतरताना जातो. आणि जिंजीचं मर्म खालूनही कळतं: राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी या तीन टेकड्या एकाच तटाने त्रिकोणात बांधल्यात. एक टेकडी पडली तरी उरलेल्या लढत राहणार. औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान वेढा घालून १६९० ते १६९८ अडकून पडला तो उगाच नाही. पायथ्याला कल्याणमहाल, धान्यकोठारं, तबेले आहेत. तेवढ्यात दोन तास सहज जातात. पुदुच्चेरीहून ७० किलोमीटर, म्हणून सकाळी साडेसहाला निघा. खाण्याची पिशवी हातात धरू नका, माकडं ओढतात.

अरिकमेडूला, म्हणजे रोमशी व्यापार करणाऱ्या पुदुच्चेरीजवळच्या जुन्या बंदराच्या जागी, जाण्याआधी पुदुच्चेरीचं म्युझियम बघा. सोमवारी बंद असतं. रोमन मद्याच्या दोन कानांच्या सुरया आणि इटलीची तांबडी भांडी, म्हणजे त्यांचे तुकडे, तिथे आहेत. त्या भांड्यांचा काळ ठाऊक होता, म्हणून पुरातत्त्वज्ञ व्हीलर यांना १९४५ च्या उत्खननात दक्षिणेतल्या थरांचा काळ ठरवता आला. जागेवर मात्र नदीकाठची झाडी आणि विटांच्या पडक्या भिंती एवढंच. त्या भिंती रोमन नाहीत, खूप नंतरच्या ख्रिस्ती मिशनच्या आहेत.

आई, खोली तळमजल्यावर आहे, गीझर आणि कमोड दोन्ही विचारून घेतलंय. चहापत्ती आणि आलं घरून ने, तिकडे सकाळी फिल्टर कॉफीच पुढे येते. संध्याकाळी समुद्राकाठचा रस्ता वाहनांना बंद असतो, निवांत चाला. तुझ्या आवडीचं आहे ते, बाबांचा हात धरून मात्र.

बाबा, बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, अर्ध्या आईच्या पर्समध्ये. नवे बूट नकोत, जुनेच घाला. आणि टॅक्सीवाल्याला वर जायचा रस्ता विचारू नका, तुम्ही विचारणार हे मला ठाऊक आहे.

तुमची,
मनू