माईक आणि कर्ण्याच्या मधली जागा

ती. काका,
सा. न. वि. वि.

दुरुस्तीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "मगे बघूया" म्हणालात, आणि त्या 'मगे'ला आता अकरा वर्षं झाली. निदान हे पत्र तरी घ्या. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण वेंगुर्ल्याच्या बाजारात तुमच्या दुकानावरून रोज जाणाऱ्यांना तुम्ही फक्त लग्नाचे, जत्रेचे स्पीकरवाले म्हणून ठाऊक आहात. तुमची नात वाचून दाखवील. तिला सांगा, सावकाश वाच.

तो सिंथेसायझर, विजेवर सूर काढणारं ते वाद्य, मी शिकवण्यांचे पैसे साठवून जुनाच घेतला होता. पहिल्या पावसाळ्यात त्याने मान टाकली. शहरातल्या एका दुकानाने 'बोर्ड गेला, नवीन घ्या' म्हणून परत पाठवला. तुम्ही तो उघडलात, नाकाजवळ नेऊन वास घेतलात आणि म्हणालात, "ह्येका खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान." तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढला होता. तीन दुपारी तुम्ही जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने तो काढत बसलात. जिथे पट्टी तुटली होती तिथे केसाएवढी तार टाकून डाग दिलात. गोळ्यांच्या बाटल्यांमधल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून त्याच्या पेटीत ठेवायला दिल्यात. त्या पुड्या मी अजून उन्हात वाळवून वापरते.

मग कार्तिकात तुम्ही मला दहिकाल्याला, म्हणजे देवळापुढच्या दशावतारी नाटकाला, बरोबर नेलंत, वायरी धरायला. देवळासमोर माणसं जमायची होती. दशावतारी आत रंगायला बसले होते. तुम्ही माईक माझ्या हातात दिलात आणि कर्ण्याकडे चालत जायला सांगितलंत. चार पावलांवर तो कुईऽऽ करू लागला. मी घाबरून मागे सरणार, तोच तुम्ही व्हॉल्यूम किंचित उतरवलात आणि ओरडलात, "हालू नको. आयक!"

कर्ण्यातला आवाज माईक उचलतो, अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतो, कर्णा पुन्हा बाहेर फेकतो, माईक पुन्हा उचलतो. हे गणित मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण या फेऱ्यात अशी एक जागा असते, जिथे आवाज वाढतही नाही आणि मरतही नाही, हे मला त्या रात्री कळलं. वीतभर पुढे गेलं की किंकाळी, वीतभर मागे आलं की काहीच नाही. मधे एक बारीक, अखंड सूर. माईकभोवतीचा तळवा जरा वळवला की तो रंग बदलायचा. पायपेटीवाल्यांनी आपली पट्टी दाबून तो सूर जुळतो का पाहिलं होतं, आठवतं? दहा मिनिटं आपण तो धरून ठेवला. स्पीकरवाल्याचं सगळं कसब ही शिट्टी येऊ न देण्यात, आणि तुम्ही मला ती पाळायला शिकवत होतात.

पुढे पुण्यात, नोकरीच्या दिवसांत, एका रात्री एलियान रादीग या फ्रेंच संगीतकार बाईंची जुनी टेप ऐकली आणि अंगावर काटा आला. तोच सूर! या बाई १९३२ साली पॅरिसमध्ये जन्मल्या. तरुणपणी नीसच्या विमानतळाजवळ राहायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या विमानांचा आवाज कान देऊन ऐकायच्या. टेपवरच्या आवाजांतून संगीत घडवणाऱ्या पियेर शेफेर आणि पियेर आंरी यांच्याकडे टेप कापण्या-जोडण्याचं काम शिकल्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टेपरेकॉर्डर, माईक आणि स्पीकर एवढ्यावर नेमकं हेच केलं: शिट्टी फुटायच्या बेताला आणून तिथेच धरून ठेवली. तुम्ही म्हणालात तसं, न हालता.

नंतर त्यांनी अमेरिकेत आर्प २५०० हा सिंथेसायझर घेतला आणि त्याचा कीबोर्ड मुद्दाम न्यूयॉर्कलाच सोडून आल्या. पट्ट्या समोर असल्या की बोटं सवयीचं वाजवतात, त्यापेक्षा त्या नकोतच. हे वाचलं त्या दिवशी मीही माझ्या सिंथच्या पट्ट्यांवर फडकं टाकलं. त्यांच्या रचना तासतासभराच्या, बदल इतका हळू की भरतीचं पाणी कधी चढलं ते कळू नये. टेपवरच्या सुरांचं मिश्रण हाताने, एका दमात. शेवटाकडे चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मधे तिबेटी बौद्ध साधनेसाठी काही वर्षं संगीत बाजूला ठेवलं, तेव्हा गुरूंनीच त्यांना कामाकडे परत पाठवलं. मृत्यूवरची त्यांची तीन भागांची रचना जवळजवळ तीन तास चालते. मधल्या भागाचं नाव कैलाश.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो त्यांचा उतारवयातला धीर. जवळजवळ तीस वर्षं ज्या यंत्राबरोबर काढली ते २००० नंतर त्यांनी बाजूला ठेवलं आणि हाता-तोंडाने वाजवायच्या साध्या वाद्यांकडे वळल्या. २०११ मध्ये, ७९व्या वर्षी, ऱ्होड्री डेव्हिस या हार्पवादकाबरोबर 'ऑकम ओशन' ही मालिका सुरू केली. कागदावर काही लिहायचं नाही. वादकाने समोर बसायचं, पाण्याचं एखादं चित्र मनाशी धरायचं आणि ऐकत-बोलत रचना घडवायची. आपल्याकडे गाणं असंच शिकवतात. तुम्ही मला असंच शिकवलंत.

माझं पाण्याचं चित्र म्हणजे आपल्या सागरेश्वरच्या किनाऱ्यावरची गाज. मृगाच्या आधी ती खोल जाते, घरात भिंतीला कान लावला तरी लागते. यंदा मे महिन्यात सहा रात्री ती टेपवर घेतली. आता तिच्यावर तुमची ती शिट्टी हवी आहे, आणि पुण्यातल्या कुठल्याही स्पीकरवर ती तशी येत नाही. मी खूप प्रयत्न केले. त्या जुन्या पत्र्याच्या कर्ण्याचाच घसा लागतो.

म्हणून आभारांबरोबर एक मागणं. माळ्यावरचा कर्णा भंगारात देऊ नका. दहिकाल्याला मी येते, दुपारीच पोचेन. माईक मी धरीन. व्हॉल्यूमवर हात तुमचा.

तुमची,
बाय