5254 म्हणजे मटक्याचा आकडा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलमुळे बुद्धिबळासारखे बैठे खेळ संपले, अशी तक्रार एका वाचकाने गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात केली आहे. मी देवगड तालुक्यातला निवृत्त शिक्षक. टपालाने बुद्धिबळ खेळलो आहे आणि आता मोबाइलवरही खेळतो, म्हणून दोन शब्द.

1984 साली सांगलीच्या एका वकिलांशी माझा पोस्टकार्डावरचा डाव सुरू झाला. तेव्हा वाघाचे तोंड छापलेले कार्ड 15 पैशांना मिळे. एका कार्डावर एक खेळी. वकीलसाहेबांना आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळाच्या आकडेपद्धतीची सवय होती. पटाच्या उभ्या पट्ट्यांना 1 ते 8 आणि आडव्या रांगांनाही 1 ते 8. पहिले दोन आकडे निघायच्या घराचे, पुढचे दोन पोचायच्या घराचे. म्हणजे 5254 लिहिले की राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे गेले. मराठी नको, इंग्रजी नको, रशियातल्या माणसालाही कळावे अशी सोय. कळले नाही ते फक्त आमच्या पोस्टमनना. मास्तरांना दर आठवड्याला सांगलीहून मटक्याचे आकडे येतात, ही बातमी त्यांनी अख्ख्या वाडीत पोचवली. दोघांनी तर त्या आकड्यांवर पैसे लावले म्हणे. पोस्टमनना हसण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या टपाल तपासनिसांनीही अशी कार्डे गुप्त संदेश समजून अडवली होती.

शेवटी पोस्टमनची समजूत घालण्यासाठी मी ओटीवर पट मांडला, आणि तिथून खरी गंमत सुरू झाली. कार्ड आले की तेच आधी येऊन घोडा कुठे गेला ते दाखवायचे. मग शेजारचे दुकानदार, शाळेतून परतणारी पोरे, कधी सुट्टीवर आलेला एखादा चाकरमानी. वैयक्तिक डावात दुसऱ्याचा सल्ला घेणे नियमाबाहेरचे, पुस्तके बघितलेली चालत. मी नियम मोडला, हे आज कबूल करतो. पण सल्ला इतका वाईट असायचा की वकीलसाहेबांचे काही नुकसान झाले नाही!

आंतरराष्ट्रीय नियम 10 खेळ्यांना 30 दिवसांचा. टपालाचे दिवस त्यात धरायचे नाहीत, म्हणून कार्ड कधी मिळाले आणि उत्तर कधी टाकले या तारखा लिहाव्या लागत. आषाढात फोंडा घाटात दरड आली की सांगलीचे कार्ड आठ-आठ दिवस लटके. त्यावर तोड म्हणून जर-तरची खेळी कळवायची: तुम्ही हे खेळलात तर माझे हे उत्तर. पोस्टाचा एक फेरा वाचे. मात्र लिहिलेली खेळी नियमात बसत असेल तर ती परत घेता येत नसे. एकदा वीज गेलेली असताना कंदिलाच्या उजेडात 4143 च्या जागी मी 4144 लिहिले आणि वजीर एक घर जास्त चालून थेट त्यांच्या घोड्याच्या तोंडी गेला. वकीलच ते. त्यांनी वजीर मारला आणि खाली लिहिले, ‘दिव्याची सोय करावी.’

38 खेळ्यांचा तो डाव सव्वादोन वर्षे चालला. हरलो. पण तोवर त्यांच्या मुलीचे लग्न, माझी बदली, सांगलीच्या हळदीचा भाव, हापूसचा मोहर हे सगळे खेळीखालच्या चार ओळींत येऊन गेले होते.

टपालावर फक्त बुद्धिबळच चाले असे नाही. ‘डिप्लोमसी’ नावाचा पटावरचा अमेरिकन खेळ 1959 साली निघाला. पहिल्या महायुद्धापूर्वीचा युरोप, सात खेळाडू, फासे नाहीत. एकमेकांशी गुपचूप बोलणी करायची आणि आयत्या वेळी शब्द फिरवायचा. कोकणातल्या माणसाला हा शिकवावा लागणार नाही, सात भावांत आंब्याच्या बागेची वाटणी पाहिली की झाले. 1963 पासून तो अमेरिकेत टपालाने खेळला जाऊ लागला, पुढे ईमेलवर गेला, आणि माझा ठाण्याचा भाचा आज तो संकेतस्थळावर खेळतो. त्याचा जनक अ‍ॅलन कॅलहॅमर पुढे स्वतः पोस्टमनची नोकरी करत असे. हे आमच्या पोस्टमनना सांगायला हवे होते.

तेव्हा खेळ संपला नाही, हे तक्रारकर्त्या वाचकांनी लक्षात घ्यावे. 2010 साली एका फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलेले ‘लिचेस’ हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ फुकट आहे आणि त्यावर एका खेळीला दोन आठवड्यांपर्यंत मुदत मिळते. मी तीन दिवसांची घेतो. घाटातल्या दरडीची जागा आता वादळात बंद पडणाऱ्या टॉवरने घेतली आहे, बाकी पाऊस तोच. आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळही आता सर्व्हरवर खेळतात आणि तिथे संगणकाची मदत चालते. परिणामी वरच्या दर्जाचे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. मला त्यात राम वाटत नाही.

हळहळ आहे ती वेगळी. मोबाइलवरच्या माझ्या प्रतिस्पर्ध्याचा देशाचा झेंडा मला दिसतो, त्याच्या गावी पाऊस पडला की नाही ते कळत नाही. आणि माझ्या ओटीवर कोणी येत नाही, कारण पट खिशात असतो.

यावर उपाय जुनाच आहे. 1824 ते 1828 या काळात एडिंबरा आणि लंडन इथल्या दोन मंडळांनी टपालाने सामना खेळला. एडिंबराकरांनी तो जिंकला आणि डाव सुरू करायच्या ‘स्कॉच’ (म्हणजे स्कॉटलंडच्या) पद्धतीला नाव मिळाले ते त्यावरून. व्यक्ती विरुद्ध व्यक्ती नव्हे, गाव विरुद्ध गाव. अशा सामन्यात आपसात चर्चा करायची मुभाच असते. तसा सामना देवगड आणि मालवण या दोन गावांच्या वाचनालयांनी खेळावा. वृत्तपत्रांच्या टेबलाशेजारी पट मांडून ठेवायचा, आठवड्याला एक खेळी. रविवारी सकाळी जमतील त्यांनी भांडून ती ठरवायची. कळवायची फोनवरून, माझा काही कार्डाचा हट्ट नाही. मात्र कोणी कार्डच पाठवतो म्हणाले तर ते अजून 50 पैशांना मिळते.

पट आणि सोंगट्या माझ्याकडे आहेत. एका काळ्या हत्तीला कान नाही, तेवढे चालवून घ्यावे. पांढऱ्या सोंगट्या मालवणकरांनी घ्याव्यात. पहिली खेळी आली की आम्ही रविवारी बसतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग