पावसातला नाच मोठ्या पडद्यावर दाखवा

संपादक महोदय,

इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात आहे, दर नोव्हेंबरात पणजीत गंभीर पिक्चर बघायला रांगा लागतात, लागूदेत, माझं काही म्हणणं नाही. पण हॉलिवूडचे जुने नाचगाण्यांचे विनोदी पिक्चरही कधीतरी थिएटरात लावा हो, एवढंच सांगायला हे पत्र.

घरची पोरं म्हणतात यूट्यूबवर आहेत की, बघा. बघतो, पण ह्या पिक्चरांत बघायचे असतात पाय आणि मोबाईलवर ते दिसतात मुंगीएवढे! ह्या पिक्चरांतला नाचणारा हिरो फ्रेड अस्टेअर, त्याचा तर हट्टच असायचा की नाचताना डोक्यापासून पायापर्यंत आख्खा माणूस दिसला पाहिजे आणि कट होईल तेवढे कमी. आताच्या गाण्यांत एकदा कंबर, एकदा डोळे, नाचतोय कोण तेच कळत नाही. १९५१ च्या 'रॉयल वेडिंग'मध्ये तो भिंतीवरून चढून छतावर नाचतो, कॉम्प्युटर नव्हता तेव्हा, सगळी खोलीच गोल फिरवली होती आणि कॅमेरा खोलीसोबत फिरत होता.

गोष्ट म्हणाल तर फुसकी असते, मान्य. १९३५ चा 'टॉप हॅट' घ्या, हिरॉईनला वाटतं हा आपल्या मैत्रिणीचा नवरा, आणि पिक्चर संपत आला तरी तो घोळ सुटत नाही. म्हणजे आपला 'संशयकल्लोळ'च की! आणि मधेच गायला काय लागतात म्हणून हसणाऱ्यांनी तरी गप्प बसावं, जत्रेच्या नाटकात एकाच पदाला तीनतीन वन्समोअर देणारी माणसं आपण.

'सिंगिंग इन द रेन' (१९५२) मधला जीन केली मात्र माझा सगळ्यात आवडता. छत्री मिटून चिंब भिजतो, गटाराकडेला साठलेल्या पाण्यात दाणदाण उड्या मारतो, तेवढ्यात पोलीस येऊन उभा राहतो, मग हा गुपचूप निघतो आणि जाताजाता छत्री एका भिजणाऱ्या माणसाला देऊन टाकतो. शूटिंगच्या वेळी अंगात सणकून ताप होता म्हणतात, चेहऱ्यावर कुठे दिसतोय?

तेव्हा जुलैत, टुरिस्ट कमी असतात तेव्हा, पणजीत नाहीतर आमच्या फोंड्यात चारपाच पिक्चर लावा, खाली सबटायटल असले म्हणजे झालं. आणि फुकट पास नकोत, आम्ही तिकीट काढून येऊ.

एक वाचक,
फोंडा