सही करायच्या आधी हे वाच

सोन्या,

काल तू "आई, तुला माणसांवर विश्वासच नाही" म्हणून फोन ठेवलास, परत केला तर परत तेच होईल म्हणून लिहितेय. तुझ्या रूममेटच्या कर्जाला जामीन म्हणून तू करणार असलेल्या सहीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसले होते. पण डोक्यात दुसरं काही येतच नाहीये.

विश्वास नाही असं नाही रे. बँकेच्या कर्ज विभागात एवढी वर्षं काढली, फसवायचं म्हणूनच कर्ज घेणारे फार थोडे बघितले. मागताना माणूस खोटं बोलत नसतो, त्याला तेव्हा मनापासून वाटत असतं की हप्ता चुकणार नाही. मग नोकरी जाते, घरात आजारपण येतं, आणि ज्याला दिवसातून चारदा फोन व्हायचा त्याचाच फोन उचलायला नको वाटतो. पैशाचं सोड, पण मदत करणाऱ्याला टाळणं सुरू झालं की ती मैत्री संपतेच.

माझ्या टेबलासमोर बसलेले जामीनदार अजून डोळ्यासमोर येतात. मित्र शेजारी उभा, पानं तोच उलटणार, बोट ठेवून दाखवणार, इथे, आता इथे, आणि हे एक ओळ न वाचता सह्या करत सुटणार, कारण त्याच्यासमोर वाचत बसलं तर संशय घेतल्यासारखं होतं ना. मी म्हणायचे, वाचा, मला घाई नाही. तरी नाहीच. भीड भिकेची बहीण म्हणतात ते हेच.

जामीनदार म्हणजे नुसती ओळख देणारा नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ बघ, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी त्याला गाठावं आणि मग तुझ्याकडे यावं असं काही नसतं. तू भरलेस तर त्याच्याकडून वसूल करायचा हक्क आहे तुला, पण रूममेटवर केस घालणार आहेस का तू?

आणि ग्रुपमधले सगळेच "कर ना" म्हणतायत म्हणालास. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये रेषांची लांबी ओळखायचा प्रयोग केला होता, उत्तर समोर दिसत असताना बाकीचे ठरवून चुकीचं सांगायचे, आणि चारातले जवळजवळ तिघं निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. पण एक जण जरी बरोबर बोलला की बहुतेकांना धीर यायचा. तो एक जण मी आहे असं समज.

झालं, लेक्चर सुरू झालं. सॉरी.

आठवीत त्या नवीन मुलाला कोणी खेळायला घेत नव्हतं, तू त्याला तुझी बॅटिंग दिलीस आणि संध्याकाळभर नुसता फिल्डिंग करत राहिलास, घरी बोललासुद्धा नाहीस, काकूकडून कळलं आम्हाला. बाबा अजून सगळ्यांना सांगतात. मला तेव्हाही अभिमान वाटला आणि पोटात गोळाही आला. आत्याच्या वेळी तर सगळं तूच निभावलंस. हा स्वभाव बदल असं मी कधीच म्हणणार नाही.

मदत करायचीच तर परत आले नाहीत तरी चालतील एवढे पैसे त्याच्या हातात दे. सही नको.

आणि तरी करणारच असशील तर आधी कागदांचे फोटो पाठव, सगळी पानं, मागची बाजूसुद्धा. एवढं मात्र विचार त्याला, त्याचा सख्खा भाऊ कमावता आहे, तो का नाही जामीन राहत?

आई