ताई, त्या ५ मिलीमीटरच्या शेणकिड्यासाठी खूप खूप थँक यू

ताई, दोन दिवस लिहीन लिहीन म्हणतोय, आज लिहूनच टाकतो.

फोटो पाठवला तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की हा ॲफोडियसच (शेणकिड्यांचा एक वंश), कारण काय तर काळा, बारका आणि शेणाच्या पोटात सापडला, गोळा-बिळा काही ढकलत नव्हता. तुम्ही नाव सांगितलंच नाही, उलट विचारलंत की पाठीवरची दोन्ही कवचं पुढे जिथे जुळतात तिथे मधोमध छोटासा त्रिकोण दिसतो का. मग कोमट पाण्यात मऊ ब्रशने शेण काढलं, भिंगाखाली धरलं, तर त्रिकोण नाहीच, कवचं थेट एकमेकांना भिडलेली! ॲफोडियसला तो त्रिकोण दिसतो, ऑन्थोफॅगस या शेणकिड्यांच्या दुसऱ्या वंशाला दिसत नाही. मग तुम्ही मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाचे काटे मोजायला लावलेत, ॲफोडियसला दोन असतात, माझ्याकडे एकच. तो काटा बघताना मी अक्षरशः श्वास रोखून बसलेलो.

आणि शिंगांचं तर काय सांगू. शिंगवाले आणि बिनशिंगाचे मी दोन जाती समजून वेगळ्या डब्यांत ठेवलेले. तुम्ही सांगितलंत की या गटातल्या बऱ्याच जातींत अळीला शेण भरपूर मिळालं तर नर मोठा होतो, शिंग येतं, कमी मिळालं तर लहान राहतो आणि शिंग नावालाच, मग तो बिळाच्या तोंडाशी पहारा देणाऱ्या मोठ्या नराशी न भांडता बाजूने बोगदा काढून मादीपर्यंत जातो. हे वाचून मी दोन्ही डबे परत उघडले आणि एकेकाचं डोकं नीट बघितलं.

पण सगळ्यात जास्त आभार एका नकारासाठी. ऑन्थोफॅगसच्या २००० हून जास्त जाती आहेत, नुसत्या फोटोवरून जात सांगणार नाही, नराचं जननांग काढून बघावं लागेल, असं तुम्ही स्पष्ट म्हणालात. तेव्हा थोडं वाईट वाटलं, खरंच सांगतो. पण अंदाजाने एखादं नाव दिलं असतंत तर मी ते डोळे झाकून लिहून मोकळा झालो असतो.

दोन नर अल्कोहोलमध्ये ठेवलेत, चिठ्ठी तुम्ही सांगितल्याप्रमाणे आत आणि पेन्सिलने लिहिलेली, तारीख, जागा, कुठल्या जनावराचं शेण सगळं आहे. नावाच्या जागी फक्त ऑन्थोफॅगस लिहिलंय, पुढची जागा तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय.