मायलेजचा आकडा नक्की कुठला?

संपादक महोदय,
जाहिरातीत लिटरला २२ किमी वाचून गाडी घेतली आणि हातात पडतात १५-१६, त्यात सर्व्हिसिंग वेळेवर, टायरमधली हवा बरोबर, तरी हेच. ओळखीत कोणालाही विचारा, तोच अनुभव. आता कंपनी खोटं बोलते असं नाही म्हणत मी, पण ती टेस्ट होते लॅबमध्ये, रोलरवर गाडी ठेवून, एसी बंद, ना खड्डे ना चढ ना सिग्नलला दहा-दहा मिनिटं थांबणं, मग तो आकडा रस्त्यावर येणार कसा? युरोपात जुनी टेस्ट जेमतेम २० मिनिटांची होती, २०१७ पासून तिथे जास्त वेगाची, लांब अंतराची नवीन टेस्ट आणली, पण एसी त्यातही बंदच! अमेरिकेत मात्र २००८ च्या मॉडेलपासून एसी, थंडी, जोरात चालवणं हे सगळं धरून आकडा काढतात, म्हणजे करता येतं ना. मग जाहिरातीत लॅबच्या आकड्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात रस्त्यावरचा आकडा का नको? आणि डॅशबोर्डवरच्या मायलेजवर पण कोणी जाऊ नका, ते बऱ्याचदा जास्तच दाखवतं, टाकी फुल्ल ते फुल्ल मोजा, तेही चार-पाच वेळा.

एक वाचक